वाटेचे राखणदार

एखाद्या रम्य स्थळीं प्रवाशांचे खून पडले म्हणजे दोन प्रश्न उभे राहतात. हें कृत्य कोणी केलें, हा पहिला. त्याचा शोध सरकार करतें, त्याचा निवाडा न्यायालयें करतात, आणि पुढें इतिहासकार त्यावर ग्रंथ लिहितात. आतां तेथें जावें कीं न जावें, हा दुसरा. त्याचा निकाल घरोघरीं, रात्रीच्या जेवणाच्या पानावर लागतो आणि त्याची नोंद कोठेंच राहत नाहीं. काढलेलीं तिकिटें परत केलीं जातात किंवा केलीं जात नाहींत, एवढीच काय ती त्याची खूण. परंतु अशा लहान लहान निकालांची बेरीज फार मोठी होते. एखाद्या खोऱ्यांतील चुली त्या बेरजेवर पेटतात किंवा विझतात. खून करणारांचा हेतु सफल झाला कीं फसला, हेंहि पुष्कळ अंशीं तीच ठरविते. म्हणून ह्या दुसऱ्या प्रश्नाकडेहि इतिहासाच्या दृष्टीनें पाहणें उचित होय.

महाराष्ट्रांत हा प्रश्न अलीकडे फार तीव्रतेनें उभा राहिला तो २०२५ सालच्या उन्हाळ्यांत. २२ एप्रिल रोजीं काश्मीरांत पहलगामजवळच्या बैसरन नांवाच्या कुरणांत बंदूकधाऱ्यांनीं सव्वीस माणसें मारलीं. गांवापासून पांच-सहा किलोमीटर चढावर, रानाच्या मधोमध असलेली ती जागा. मोटार तेथवर जात नाहीं, पायीं किंवा तट्टावर बसून पोंचावें लागतें. मृतांपैकीं पंचवीस प्रवासी होते. सव्विसावा तेथलाच एक तट्टूवाला होता. धर्म विचारून, कुटुंबियांच्या डोळ्यांदेखत पुरुषांस गोळ्या घातल्या, असें वांचलेल्यांनीं सांगितलें. महाराष्ट्राचे सहा जण त्यांत गेले: डोंबिवलीचे तीन, पुण्याचे दोन, पनवेलचे एक. ऐन सुटीचे दिवस. ज्या घरांत काश्मीरचा बेत महिनेंच्या महिने आधीं ठरून गेला होता, त्या घरांतून त्या रात्रीं काय बोलणीं झालीं असतील याची कल्पना वाचक स्वानुभवानेंच करूं शकतील.

अशा वेळीं तयार उत्तरांस तोटा नसतो. भीति म्हणते, त्या दिशेचें नांवच नको. शौर्य म्हणतें, न जाणें म्हणजे मारेकऱ्यांचा विजय. तेव्हां गेलेंच पाहिजे. क्रोध म्हणतो, त्या प्रदेशाचा पैसा तोडा म्हणजे तेथील लोकांस धडा मिळेल. आणि गणित म्हणतें, रोजच्या रस्त्यावर मोटारींच्या अपघातांत याहून कितीतरी माणसें मरतात. मग एवढी चिंता कशाची? यांतील गणिताचें उत्तर सर्वांत शहाणपणाचें दिसतें, आणि त्याचे आंकडे खोटेहि नसतात. परंतु अपघात आणि खून यांत जो भेद आहे तो आंकड्यांत मावत नाहीं. अपघातास हेतु नसतो, खुनास असतो. दरड कोसळते ती कोणाची वाट पाहत बसलेली नसते. जेथें कोणी वाट पाहत बसला होता, तेथें "तो पुन्हा बसेल काय, आणि बसल्यास त्याला अडविणारा कोणी आहे काय" हें विचारणें म्हणजे भित्रेपणा नव्हे.

आपले पूर्वज प्रवासास निघत तेव्हां हा प्रश्न त्यांस पडत नसे असें नाहीं. पण तो वेगळ्या रूपानें पडे. काशीयात्रेस निघणारा मनुष्य परत येईलच अशी खात्री कोणी धरीत नसे. जथा जमवून निघावें, अनोळखी सोबत्यापासून जपावें, हें त्या काळचें शहाणपण. ठगांच्या उपद्रवामुळें तें किती आवश्यक होतें हें स्लीमनच्या चौकशींतून १८३० नंतरच्या काळांत उघड झालें. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं उत्तरेकडे निघाले ते घरचें कर्ज फिटावें म्हणून. वाटेंत बंडाची वार्ता कानीं आली तरी ते परतले नाहींत. झांशीचा वेढा त्यांनीं शहरांत राहून पाहिला, ते लुटले गेले, आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरीं पोंचले. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्य यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केला. त्या यात्रेकरूंना किंवा ह्या भिक्षुकाला धर्माची अथवा पोटाची ओढ होती. सुटीच्या प्रवाशास तशी ओढ नसते. त्याचा बेत पुढें ढकलतां येतो, बदलतां येतो, सोडूनहि देतां येतो. म्हणूनच त्याचा निर्णय हा खरा निर्णय असतो, आणि त्याची नैतिक जबाबदारीहि त्याच्यावरच येते.

केवळ पाहण्याच्या हौसेनें निघालेल्या प्रवाशांवर घाला पडला आणि साऱ्या जगानें त्याची चर्चा केली, असें एक जुनें व बोधप्रद उदाहरण ग्रीस देशांत सांपडतें. इ. स. पूर्वी ४९० मध्यें मॅराथॉनच्या ज्या मैदानावर अथेन्सच्या लोकांनीं इराणी सैन्याचा मोड केला, तें पाहिल्याशिवाय एकोणिसाव्या शतकांतील सुशिक्षित इंग्रजाची ग्रीसची यात्रा पुरी होत नसे. अथेन्सहून तें सुमारें चाळीस किलोमीटर. सकाळीं गाड्या जोडून निघावें व रात्रीं परत यावें असा तो एका दिवसाचा बेत. ११ एप्रिल १८७० रोजीं अशी एक मंडळी निघाली. तींत लॉर्ड मंकॅस्टर व त्यांच्या पत्नी, इंग्रज वकिलातीचे चिटणीस हर्बर्ट, इटलीच्या वकिलातीचे चिटणीस काउंट दे बॉइल, लॉइड नांवाचे एक गृहस्थ, त्यांची पत्नी व लहान मुलगी, आणि फ्रेडरिक व्हायनर नांवाचा एक तरुण, अशीं माणसें होतीं. हा व्हायनर म्हणजे पुढें हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झालेल्या लॉर्ड रिपन यांच्या पत्नीचा भाऊ होय. अथेन्सच्या आसपासच्या प्रांतांत आतां दरोडेखोर उरले नाहींत अशी राजधानींत समजूत होती. तरी सोबतीस चार घोडेस्वार शिपाई दिले होते. परततांना पिकेर्मी गांवाजवळ आर्वानिताकिस बंधूंच्या टोळीनें गाड्या अडविल्या आणि सर्वांस डोंगरांत नेलें.

बायका व मुलगी यांस टोळीनें लौकरच सोडलें. लॉर्ड मंकॅस्टर यांस खंडणी जमविण्यासाठीं पाठवून दिलें. पैशाचें जमण्यासारखें होतें. अडलें तें दुसऱ्या मागणीपाशीं. टोळीस आपल्या सर्व गुन्ह्यांची सरसकट माफी हवी होती, आणि १८६४ च्या राज्यघटनेप्रमाणें राजकीय गुन्ह्यांवांचून इतर गुन्ह्यांस अशी माफी देतां येत नव्हती. दहा दिवस निरोप जात-येत राहिले. अखेर सैन्य हाललें, ओरोपोसच्या बाजूस टोळीला वेढा पडूं लागला, आणि २१ एप्रिल रोजीं पळतां पळतां दिलेसीच्या वाटेवर हर्बर्ट, दे बॉइल, लॉइड व व्हायनर या चौघांस दरोडेखोरांनीं ठार मारलें. टोळींतील कांहीं जण त्या चकमकींत पडले, कांहीं पकडले जाऊन फांशीं... नव्हे, शिरच्छेदास पात्र ठरले. म्होरक्या मात्र निसटला.

इंग्लंडांत संतापाची लाट उसळली. ग्रीसवर सैन्य पाठवावें, तो देश ताब्यांत घ्यावा, येथपर्यंत वर्तमानपत्रांतून मजल गेली. सबंध ग्रीक राष्ट्र हेंच दरोडेखोरांचें राष्ट्र अशी भाषा सुरू झाली. लंडनांत राहणारा योआनिस जेन्नाडिउस नांवाचा एक तरुण ग्रीक ह्या वेळीं पुढें आला. त्यानें त्याच वर्षीं एक पुस्तक लिहून इंग्रजी पत्रांतील विधानें एकेक घेऊन तपासलीं, आणि एका टोळीचें पाप राष्ट्राच्या माथीं मारणें किती अन्यायाचें आहे तें दाखविलें. हाच मनुष्य पुढें लंडनांत ग्रीसचा वकील झाला. त्यानें दिलेल्या ग्रंथांचें पुस्तकालय अथेन्सांत १९२६ सालीं उघडलें. जेन्नाडिउसचें म्हणणें न्याय्य होतें. परंतु तेवढ्यानें प्रश्न मिटत नव्हता. राष्ट्र निर्दोष होतें हें खरें. राज्यव्यवस्था निर्दोष होती काय? तुर्की सरहद्दीवर धामधूम करण्यास सशस्त्र टोळ्या उपयोगी पडत, आणि गांवोगांवच्या पुढाऱ्यांसहि त्यांची गरज लागे. त्यामुळें दरोडेखोर हा कधीं गुन्हेगार, तर कधीं कामाचा माणूस ठरत असे. प्रवाशास "वाट निर्धोक आहे" असें सांगणारी व्यवस्था आणि ती वाट धोक्याची ठेवणारी व्यवस्था, ह्या दोन्ही एकाच छपराखालीं नांदत होत्या.

त्या खुनांनंतर हें झांकून ठेवणें अशक्य झालें. युद्धमंत्री सुत्सोस यांस पद सोडावें लागलें. झाइमिस यांचें प्रधानमंडळहि त्याच उन्हाळ्यांत पडलें. १८८१ मध्यें थेसली प्रांत ग्रीसांत आला व सरहद्द उत्तरेस सरकली. बेडेकर यांचें ग्रीसचें मार्गदर्शक पुस्तक जर्मन भाषेंत १८८३ सालीं आणि इंग्रजींत १८८९ सालीं निघालें. म्हणजे तोंवर हौशी प्रवासी त्या देशाकडे पुन्हा वळले होते. आणि १० एप्रिल १८९६ रोजीं, अर्वाचीन ऑलिंपिक सामन्यांच्या पहिल्याच वर्षीं, मॅराथॉनपासून अथेन्सपर्यंत धावण्याची शर्यत लागली तेव्हां धावणारे त्याच पिकेर्मीवरून गेले. स्पिरिडॉन लुइस हा ग्रीक पाणक्या ती शर्यत जिंकला. सव्वीस वर्षांपूर्वी जवळजवळ त्याच तारखेस जेथें गाड्या अडविल्या गेल्या, तेथें आतां रस्त्याच्या दुतर्फा लोक टाळ्या वाजवीत उभे होते. ही वाट कोणा धाडसी प्रवाशाच्या छातीठोकपणानें निर्धोक झाली नाहीं, आणि कोणाच्या बहिष्कारानेंहि झाली नाहीं. राखणदारांना आपला दोष कबूल करावा लागला, आणि दरोडेखोराची गरज हळूहळू नाहींशी झाली, तेव्हां ती मोकळी झाली.

दिलेसीचे मारेकरी पैशाचे व माफीचे भुकेले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रवाशाचा खून हेंच साधन मानणारे निघाले. मिसर देशांत १९९२ पासून परदेशी प्रवाशांवर हल्ले होऊं लागले, त्यांतील हेतु उघड होता: प्रवासी येईनासे झाले म्हणजे सरकारचा खजिना आटेल. १७ नोव्हेंबर १९९७ रोजीं लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर, हत्शेप्सुत राणीच्या मंदिरांत सहा जणांनीं बासष्ट माणसें मारलीं. त्यांत अठ्ठावन्न परदेशी होते, पैकीं छत्तीस स्वित्झर्लंडचे व दहा जपानचे. चार मृत मिसरचेच होते. ह्या पंथाच्या तुरुंगांतील पुढाऱ्यांनीं त्याच वर्षीं जुलैंत शस्त्र खालीं ठेवण्याची घोषणा केली होती. ती ज्यांस मान्य नव्हती त्यांचें हें कृत्य. लक्सर ओस पडलें. टांगेवाले, नावाडी, दगडी मूर्ति विकणारे, सर्वांची उपासमार आली. येथें क्रोधाच्या त्या उत्तराची परीक्षा होते. पैसा तोडून तेथील लोकांस धडा शिकवावा, असें म्हणणारा प्रवासी नकळत मारेकऱ्यांचेंच काम पुरें करीत असतो. कारण त्यांचाहि बेत तोच होता. पण मिसरांत घडलें तें उलट. उपाशी राहिलेल्या लोकांचा राग मारेकऱ्यांवर फिरला, त्या पंथाचा उरलासुरला आधार तुटला, आणि पुढें कांहीं वर्षांत प्रवासी परतले. राखणदारांचा दोष तेथेंहि लपला नाहीं: देशाच्या गृहमंत्र्यांस लगोलग दूर करण्यांत आलें.

आतां पहलगामकडे वळूं. त्या खोऱ्यास हा अनुभव नवा नव्हता. जुलै १९९५ मध्यें तेथील डोंगरांत फिरणाऱ्या सहा परदेशी प्रवाशांस पळवून नेलें. एक निसटला, एकाचा ऑगस्टांत खून झालेला आढळला, आणि चौघांचा पत्ता लागलाच नाहीं. ऑगस्ट २००० मध्यें अमरनाथच्या यात्रेकरूंच्या पहलगाम येथील तळावर हल्ला होऊन सुमारें तीस माणसें मेलीं. त्यांत यात्रेकरू होते तसे तेथील दुकानदार व हमालहि होते. प्रत्येक वेळीं खोरें रितें झालें आणि प्रत्येक वेळीं पुन्हा भरलें. विस्मृति ही प्रवाशाची मोठी सोय आहे. परंतु तीच राखणदाराचीहि सोय होऊन बसते. लोक परत आले म्हणजे सर्व कांहीं ठीक झालें असें गृहीत धरलें जातें, आणि मागच्या वेळीं काय चुकलें हा प्रश्न गर्दींत हरवतो.

बैसरनच्या कुरणांत त्या दुपारीं शेंकडों प्रवासी असतां एकहि पहारेकरी नव्हता. २४ एप्रिल रोजीं झालेल्या सर्वपक्षीय सभेंत, कुरण उघडल्याची खबर सुरक्षेच्या खात्यांस नव्हती असें सांगण्यांत आलें. हिमाचे दिवस सोडल्यास तें नेहमींच उघडें असतें, असें तेथील लोकांचें म्हणणें वर्तमानपत्रांत आलें. २९ एप्रिलच्या सुमारास जम्मू-काश्मीरांतील सत्त्याऐंशी स्थळांपैकीं अठ्ठेचाळीस बंद करण्यांत आलीं, व पुढें तीं टप्प्याटप्प्यानें उघडूं लागलीं. जुलैच्या मध्यास, म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांनीं, नायब राज्यपाल मनोज सिन्हा यांनीं ही निःसंशय सुरक्षेची चूक होती व तिची जबाबदारी आपली आहे, असें एका मुलाखतींत सांगितलें. २८ जुलै रोजीं दाचीगामच्या रानांत सैन्यानें तिघांस मारलें; तेच बैसरनचे मारेकरी होत, असें गृहमंत्र्यांनीं दुसऱ्या दिवशीं लोकसभेंत जाहीर केलें. कबुली उशिरां आली. पण आली, हें नमूद केलें पाहिजे.

दुसरी बाजूहि नोंदविण्यासारखी आहे. हत्येच्या दुसऱ्या दिवशीं काश्मीरच्या खोऱ्यांतील बाजार निषेधार्थ बंद राहिले, मशिदींतून धिक्कार झाला, आणि घाबरलेल्या प्रवाशांस तट्टूवाल्यांनीं, मोटारवाल्यांनीं व घरवाल्यांनीं आधार दिला. १८७० सालीं जेन्नाडिउसला जें पुस्तक लिहून सिद्ध करावें लागलें, तें येथें लोकांनीं स्वतःच्या वागणुकीनें दाखविलें. अमरनाथची यात्रा त्या वर्षींहि निघाली. २०२४ सालीं पांच लाखांवर यात्रेकरू गेले होते, तर २०२५ सालीं चार लाखांवर गेले. व्रताची ओढ असणारा वर्ग भीतीनें किती थोडा हटतो हें त्यावरून दिसतें. मे महिन्याच्या सुटीस जाणाऱ्या कुटुंबांची गोष्ट मात्र वेगळी होती. तीं हटलीं, आणि त्यांस दोष देण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.

तर मग जावें कीं न जावें? इतिहास याचें एका शब्दांत उत्तर देत नाहीं. परंतु विचारावयाचे प्रश्न कोणते, तें तो सांगतो. गुन्हा टोळीचा आहे कीं गांवाचा, हा पहिला. दिलेसी, लक्सर, पहलगाम, तिन्ही ठिकाणीं तो टोळीचाच होता. म्हणून शिक्षेच्या हेतूनें न जाणें अन्यायाचें. मात्र एवढ्यावरून लगेच निघावें असेंहि ठरत नाहीं. ज्यांच्याकडे वाट राखण्याचें काम होतें त्यांनीं खरें काय घडलें तें सांगितलें काय, आणि त्याप्रमाणें व्यवस्था बदलली काय, हा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न. "सर्व सुरळीत आहे, खुशाल या" हें आश्वासन १८७० सालच्या अथेन्सांतहि मिळालें असतें. आश्वासनापेक्षां कबुली अधिक भरंवशाची. जेथें चूक कबूल होते, स्थळें तपासून उघडलीं जातात, कोठें पहारा आहे व कोठें नाहीं हें स्पष्ट सांगितलें जातें, तेथें मुलाबाळांस घेऊन जाणें अविचाराचें नव्हे. जेथें केवळ जाहिराती वाढतात आणि चौकशी थांबते, तेथें थोडें थांबणें हेंच शहाणपण. हा प्रश्न प्रवाशानें मोठ्यानें विचारला पाहिजे: सहल नेणाऱ्या मंडळीस, सरकारास, आपल्या लोकप्रतिनिधीस. न जाणाऱ्यानेंहि तो विचारावा. कारण आपण गेलों नाहीं तरी दुसरा कोणी जाणार आहे.

आणि जो जाईल त्यानें आपण मोठें देशकार्य केलें अशी प्रौढी मिरवूं नये. ज्या घरांतून माणूस गेला त्या घरांस तें नांवहि ऐकवत नसेल. त्यांच्या नकारापाशीं सगळीं प्रमाणें संपतात. जाणाऱ्यानें साधेपणानें जावें, तट्टूवाल्याशीं भाड्याची घासाघीस करण्यापूर्वी त्याचें नांव विचारावें, आणि डोंगरावर चढतांना वाटेवर पहारा आहे कीं नाहीं हेंहि पाहावें. बैसरनच्या सव्वीस मृतांपैकीं पंचवीस जणांनीं तेथें जाण्याचा बेत आपल्या घरीं बसून, आनंदानें ठरविला होता. सव्विसावा मात्र रोजच्या कामावर गेला होता. जावें कीं न जावें हा प्रश्न त्याच्यापुढें नव्हता. आणि त्याच्यासारखे जे तेथें मागें राहिले, त्यांच्यापुढें तो पुढल्या सकाळींहि नव्हता.